ब्रेक वाजतो तेव्हा

ऑक्टोबर लागला की मुरगूड परिसरातल्या गाड्यांच्या ब्रेकची परीक्षा सुरू होते. चार महिने पावसात आणि चिखलात फिरलेली गाडी कोरड्या रस्त्याला लागते आणि थोड्याच दिवसांत बिद्री, हमीदवाड्याच्या कारखान्यांचा हंगाम तोंडावर येतो. उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर आल्या की निपाणी-राधानगरी मार्गावर पाय सतत ब्रेकवर ठेवूनच गाडी चालवावी लागते. त्यातून अमावास्या असली आणि आदमापूरला बाळूमामांच्या दर्शनाची गर्दी असली तर ट्रॉली, एसटी, जीप आणि मोटारसायकली यांच्या रांगेत मुंगीच्या पावलानं सरकायचं. पावसानं गंजलेला, गाळानं भरलेला ब्रेक नेमका अशा वेळी वाजायला लागतो. हळू चाललेली गाडी, पायाचा हलका दाब आणि कानात शिरणारी ती ‘चुईंऽऽ’.

बहुतेक जण यावर दोनच उपाय करतात. एक, काच वर करून गाणी लावतात. दोन, गॅरेजात जाऊन ‘पॅड बदलून टाका’ म्हणतात. पहिला उपाय धोक्याचा आहे. दुसऱ्यात अनेकदा पैसे वाया जातात, कारण खराब नसलेले पॅड बदलले जातात आणि ज्यामुळे आवाज येत होता ते कारण तसंच राहतं. महिन्याभरानं नवा पॅडही वाजू लागतो.

या प्रकरणात मला एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. आवाज बंद करणं वेगळं आणि ब्रेक दुरुस्त करणं वेगळं. वाजणारा ब्रेक ठणठणीत असू शकतो आणि अजिबात न वाजणारा ब्रेक ऐन वेळी दगा देऊ शकतो. म्हणून हातात पाना घेण्याआधी आवाज कुठला, कधीचा आणि कशाचा हे ओळखायला शिकलं पाहिजे. हे शिकणं अवघड नाही. घरच्या अंगणात, साध्या हत्यारांनी, एका सकाळी निम्म्याहून जास्त तक्रारींचा छडा लागतो.

आधी आत काय असतं ते पाहू. आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांना पुढच्या चाकांना डिस्क आणि मागच्या चाकांना ड्रम असतो. पुढे चाकाबरोबर फिरणारी बिडाची चकती असते आणि तिला दोन्ही बाजूंनी दाबणारे दोन पॅड असतात. पॅड ज्यात बसतात आणि ज्यातला पिस्टन त्यांना ढकलतो तो कॅलिपर. बहुतेक गाड्यांमध्ये पिस्टन एकाच बाजूला, आतल्या अंगाला असतो. तो आतला पॅड थेट दाबतो आणि त्याच्या उलट जोरानं अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. या दोन पिना लक्षात ठेवा. पुढच्या ब्रेकच्या निम्म्या दुखण्यांचं मूळ तिथं असतं.

आता आवाज. पॅड चकतीवर घासतो तेव्हा तो एकसारखा घसरत नाही. क्षणभर पकडतो, सुटतो, पुन्हा पकडतो. सारंगीच्या तारेवर गज फिरतो तेव्हा तार जशी पकडली आणि सोडली जाते, तसंच इथं सेकंदाला हजारो वेळा घडतं. एरवी ही थरथर तिथंच जिरते. पण पॅड त्याच्या जागेत सैल असेल किंवा उलट गंजानं अडकून तिरका दाबत असेल, तर पॅडची थरथर आणि चकतीची थरथर एकमेकींना जोर देऊ लागतात आणि ती बिडाची थाळी स्वतःच वाजू लागते. ब्रेकची किंचाळी साधारण १,००० ते १६,००० हर्ट्झ या पट्ट्यात असते. माणसाचा कान २,००० ते ५,००० हर्ट्झच्या आवाजाला सगळ्यात हळवा असतो. म्हणून हा आवाज प्रत्यक्षात असतो त्याहून मोठा वाटतो आणि डोक्यात जातो.

चकती बिडाची का, हे कोल्हापूर जिल्ह्यातल्या वाचकाला वेगळं सांगायला नको. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलची पंचतारांकित औद्योगिक वसाहत इथल्या फौंड्रीत वाहनउद्योगाचं ओतकाम रोज चालतं आणि कागल तालुक्यातल्या कितीतरी घरांची चूल त्यावर पेटते. बिडात साधारण ३ ते ३.५ टक्के कार्बन असतो आणि तो मुख्यतः ग्रॅफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपात धातूत विखुरलेला असतो. हे पापुद्रे दोन कामं करतात. उष्णता लवकर पसरवतात आणि थरथर गिळतात. पोलादाच्या पत्र्यावर हातोडी मारली तर तो बराच वेळ घुमतो, बिडाच्या तुकड्यावर मारली तर ‘ठक’ होऊन थांबतो, ते याच पापुद्र्यांमुळे. म्हणजे ब्रेक वाजू नये याची निम्मी तजवीज ओतकामातच केलेली असते. एवढं असूनही तो वाजतो, तेव्हा जोडणीत कुठं तरी काही बिनसलेलं असतं.

आवाजाची ही तक्रार डिस्क ब्रेकइतकीच जुनी आहे. इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ साली डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. त्यात चकतीला दाबणारं अस्तर तांब्याचं होतं. तांबं धातूवर घासून इतकं किंचाळायचं की लोकांना ते सहन होईना. पुढे हर्बर्ट फ्रूड यांनी अॅस्बेस्टॉसचं अस्तर आणलं, आवाज कमी झाला आणि त्यानंतर कित्येक दशकं जगभरचे ब्रेक अॅस्बेस्टॉसवर चालले. ती धूळ फुप्फुसाला किती घातक आहे हे कळल्यावर अॅस्बेस्टॉसविरहित पॅड आले. काहींत धातूचा भाग जास्त असतो. ते जास्त उष्णता सोसतात, पण थंड असताना जरा वाजतात. काहींत तंतू आणि राळ जास्त असते. ते शांत असतात, पण घाटात लवकर तापून ढिले पडतात. शांत पॅड म्हणजे चांगला पॅड, ही समजूत म्हणूनच काढून टाकली पाहिजे.

घाटाचा विषय निघालाच आहे तर त्यावर थोडं थांबतो, कारण मुरगूडच्या माणसाला कोकणात उतरायचं म्हणजे राधानगरी, दाजीपूर करत फोंडा घाट असतोच. ब्रेकचं काम गाडीच्या गतीची उष्णता करणं. १,००० किलो वजनाची गाडी ताशी ६० किलोमीटरवरून पूर्ण थांबवली तर सुमारे १४० किलोज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये जिरते. हीच गाडी ५०० मीटर उंचीचा घाट नुसत्या ब्रेकवर उतरवली तर जिरवायची ऊर्जा जवळजवळ ४,९०० किलोज्यूल होते. म्हणजे ६० च्या वेगावरून लागोपाठ पस्तीस वेळा गाडी थांबवण्याइतकी. पॅडमधली राळ ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास जळू लागते आणि पृष्ठभागावर काचेसारखा गुळगुळीत, चकचकीत थर धरतो. असा काचाळलेला पॅड कमी पकडतो आणि जास्त वाजतो. कोकणातून आल्यावर ब्रेक वाजायला लागला असेल तर कारण बहुधा हेच, आणि चूक पॅडची नसून उतरताना टाकलेल्या गिअरची असते. चढताना ज्या गिअरवर गाडी चढली, त्याच गिअरवर उतरवा.

आता निदानाकडे वळू. यासाठी एक गल्ली हवी, जिच्या एका अंगाला सलग भिंत आहे. काचा खाली करा, गाणी आणि पंखा बंद करा आणि ताशी वीसच्या आसपास गाडी भिंतीच्या कडेनं न्या. आवाज भिंतीवर आपटून परत येतो आणि डावीकडून येतोय की उजवीकडून, हे लख्ख कळतं. उलट दिशेनं परत या आणि दुसरी बाजू तपासा. घरातल्या एखाद्याला बाहेर उभं करून पुढचं चाक की मागचं एवढंच बघायला सांगा. आत बसलेल्या माणसाला मागचा आवाज पुढून आल्यासारखा वाटतो, म्हणून बाहेरचा कान हवा.

सकाळी पहिल्या चार-दोन ब्रेकला खरखर होते आणि मग जाते, तर तो रात्रीचा गंज आहे. बीड उघडं असतं, त्याला रंग नसतो. पावसाळ्यात, किंवा गाडी धुतल्यावर, एका रात्रीत त्यावर तांबूस थर चढतो. पॅड तो पुसून काढतो. याला काहीही करायचं नाही, पैसेही खर्च करायचे नाहीत.

ब्रेक न दाबताही चाक फिरतंय तसा बारीक धातूचा आवाज येतो आणि ब्रेक दाबला की बदलतो किंवा थांबतो, तर पॅड संपत आल्याची ती सूचना असू शकते. अनेक पॅडना पोलादाची एक छोटी पट्टी मुद्दाम बसवलेली असते. अस्तर २-३ मिलिमीटरवर आलं की ती चकतीला टेकते आणि ओरडते. हा आवाज बनवणाऱ्यानं तुमच्यासाठीच ठेवलेला आहे. तो ऐकू आल्यावर आठवड्याच्या आत पॅड बदला.

अचानक, कुठलीही पूर्वसूचना न देता पत्रा फाटल्यासारखा आवाज सुरू झाला, तर घाबरून जाऊ नका. खडी टाकलेल्या रस्त्यावरून आला असाल तर चकती आणि तिच्यामागचा धूळ अडवणारा पत्रा यांच्यात खडा अडकलेला असतो. गाडी थोडी मागं, थोडी पुढं घ्या. पुष्कळदा खडा गळून पडतो. नाही पडला तर चाक काढून तो पत्रा किंचित वाकवला की काम होतं. या एका खड्यापायी पॅड बदलायला सांगितलं गेल्याची उदाहरणं कमी नाहीत.

हलक्या ब्रेकला किंचाळतो आणि जोरात दाबला की गप्प होतो, ही सगळ्यात जास्त आढळणारी तक्रार. पॅडमधली धूळ, काचाळलेला पृष्ठभाग, सुकलेल्या पिना किंवा पॅडच्या कानांखाली साचलेला गंज, यांपैकी एक कारण असतं. घरी करण्यासारखं काम इथंच आहे आणि त्याकडे आपण येणार आहोत.

आणि शेवटचा आवाज, ज्याच्याशी खेळायचं नाही. ‘खर्रर्र’ असा, पायाला जाणवणारा, दगड दळल्यासारखा. म्हणजे अस्तर संपून मागचं पोलाद चकतीला खातंय. त्याचबरोबर गाडी एका बाजूला ओढत असेल, पेडल खाली जात असेल किंवा चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसत असेल तर गाडी तिथंच उभी करा. मेस्त्रींना गाडीकडे बोलवा, गाडी मेस्त्रींकडे नेऊ नका.

चाक उघडण्याआधी जागा नीट निवडा. सपाट, टणक जमीन हवी. आपल्याकडे अंगण बहुतेक मुरमाचं किंवा काळ्या मातीचं, आणि पावसानंतर जॅक त्यात रुततो. जॅकखाली जाड फळी घाला. गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावा. वीट लावू नका, वजन आलं की ती फुटते. चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा आटा सैल करा, मगच गाडी उचला. गाडीबरोबर येणारा जॅक फक्त चाक बदलण्यासाठी असतो. त्याच्या भरवशावर हात आत घालून काम करायचं नाही. गाडी घोडीवर (जॅक-स्टँडवर) टेकवा आणि काढलेलं चाक आडवं करून गाडीच्या पाट्याखाली सरकवून ठेवा. जॅक निसटलाच तर गाडी त्यावर बसेल, तुमच्या हातावर नाही. या परिच्छेदातलं एकही वाक्य गाळण्यासारखं नाही.

चाक निघालं की लगेच काही सोडू नका. आधी नुसतं बघा. चकतीच्या कडेला बोट लावून उंचवटा किती झालाय ते पाहा. तोंडावर निळसर डाग असतील तर ती कधी तरी फार तापलेली आहे. मग दोन्ही पॅडची जाडी पाहा. नव्या पॅडवर साधारण १० ते १२ मिलिमीटर अस्तर असतं. ३ मिलिमीटरला बदलायचं. बाहेरचा पॅड चाकाच्या फटीतूनही दिसतो, म्हणून बरेच जण तेवढाच पाहून समाधान मानतात. पण आतला पॅड लवकर झिजलेला असू शकतो. बाहेरचा ७ मिलिमीटर आणि आतला ३, असा फरक दिसला तर पॅडला दोष देऊ नका. कॅलिपर पिनांवर सरकत नाही, म्हणून आतला एकटाच सगळं काम करतोय. एकाच पॅडचं एक टोक जाड आणि दुसरं पातळ असेल तर तो त्याच्या खाचेत तिरका अडकलाय. अशा वेळी नुसते नवे पॅड घातले तर तेही तसेच तिरके झिजणार आणि तसेच वाजणार.

कॅलिपरचा खालचा बोल्ट बहुधा १२ किंवा १४ नंबरच्या पान्यानं निघतो. तो काढला की कॅलिपर वरच्या पिनेवर फिरवून उचलता येतो. पूर्ण काढायचा असेल तर तारेनं वर टांगून ठेवा. रबरी नळीला लोंबकळू देऊ नका, आतून फाटलेली नळी बाहेरून धडधाकट दिसते. पॅड काढताना कुठला आतला आणि कुठला बाहेरचा यावर खूण करा.

धूळ हवेनं उडवायची नाही आणि तोंडानं तर मुळीच फुंकायची नाही. जुन्या किंवा स्वस्तातल्या अस्तरात अजून काय असेल याची खात्री नाही. ब्रेक क्लीनर मारा, नाहीतर साबणाच्या पाण्यानं ओली करून कापडानं पुसा आणि ते कापड टाकून द्या. मग तारेच्या ब्रशनं, पॅडचे दोन कान ज्या खाचांत बसतात त्या खाचा घासून काढा. इथं सावकाश काम करा. खाचेत गंजाचा पापुद्रा फुगतो, पॅडला जागा अपुरी पडते, ब्रेक सोडल्यावरही तो चकतीला टेकून राहतो आणि तापतो. साफ केल्यावर पॅड हातानं, बोटाच्या जोरानं आत-बाहेर सरकला पाहिजे. ठोकून बसवावा लागत असेल तर अजून गंज शिल्लक आहे. खाचांत पोलादाच्या पातळ क्लिपा असतात. त्या ढिल्या झाल्या असतील तर नव्या घ्या. स्वस्त असतात आणि आवाज थांबवण्यात त्यांचा वाटा मोठा असतो.

आता त्या दोन पिना. रबराची टोपी जपून सरकवा आणि पिन बाहेर ओढा. निरोगी पिन ओलसर आणि गुळगुळीत निघते. आजारी पिन कोरडी, काळपट, कधी गंजलेली. पुसून चकचकीत करा आणि ब्रेकसाठीचंच सिलिकॉन ग्रीस अगदी पातळ लावा. घरात बेरिंगचं ग्रीस पडलेलं असतं, ते लावायचा मोह आवरा. खनिज तेलापासून बनलेलं ग्रीस ब्रेकचं रबर फुगवतं. पिन आज सरकेल आणि काही महिन्यांनी कायमची अडकेल. सिलिकॉन ग्रीसच पॅडच्या कानांवर आणि मागच्या पत्र्यावर, जिथं पिस्टन टेकतो तिथं, नखाच्या टोकाइतकं लावा. पॅडच्या तोंडावर किंवा चकतीवर थेंबही नको.

पॅडचं तोंड चकचकीत असेल तर सपाट फरशीवर जाडसर पॉलिश पेपर ठेवून त्यावर पॅड आठच्या आकड्यात फिरवा. तोंडाला रुमाल न बांधता धुळीचा मास्क लावा आणि हे काम घराबाहेर करा. चमक जाऊन सारखा मंद रंग आला की थांबा. पॅडच्या पुढच्या-मागच्या कडा कानशीनं किंचित तिरप्या केल्या तर कडेची पकड-सुटका कमी होते आणि आवाजही. चकतीचं तोंडही त्याच पेपरनं हलक्या हातानं गोल गोल घासून क्लीनरनं पुसून घ्या. चकतीवर खोल चरे असतील तर ती लेथवर घासून मिळते, पण किमान किती जाडी हवी ते चकतीवरच कोरलेलं असतं. त्याच्या खाली गेलेली चकती कितीही गुळगुळीत दिसली तरी भंगारात टाका.

नवे पॅड घालायचे असतील तर पिस्टन मागं ढकलावा लागतो. आधी बोनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या डब्याचं झाकण काढा आणि पातळी बघा, कारण मागं येणारं ऑइल डब्यातून सांडतं आणि गाडीचा रंग खातं. जुना पॅड पिस्टनवर ठेवून सी-क्लॅम्पनं सावकाश दाबा. मागच्या चाकांनाही डिस्क असलेल्या किंवा विजेवर चालणारा हँडब्रेक असलेल्या गाडीचा मागचा पिस्टन मात्र असा दाबू नका. तो फिरवत बसवायचा असतो किंवा त्यासाठी यंत्र लागतं. ते काम गॅरेजचं. आणि पॅड नेहमी जोडीनं बदला. डावीकडे नवा, उजवीकडे जुना ठेवला तर ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारताच गाडी एका बाजूला ओढेल.

मागच्या ड्रमबद्दल थोडक्यात. पुराच्या किंवा चिखलाच्या पाण्यातून गेलेल्या गाडीत ड्रमच्या आत गाळ राहतो, तिथून त्याला बाहेर पडायला वाट नसते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर कोल्हापूर जिल्ह्यातल्या ज्या गाड्या पाण्यात उभ्या होत्या, त्यांच्या बाबतीत चारही ब्रेक उघडून साफ करणं हाच एक मार्ग होता. हँडब्रेक सोडून ड्रम ओढा. निघत नसेल तर अनेक ड्रमच्या तोंडावर आट्यांची दोन भोकं असतात. त्यांत बोल्ट घालून दोन्ही सारखे पिळत गेलं की ड्रम स्वतःहून सुटतो, हातोडीची गरज पडत नाही. आतली धूळ ओली करून पुसा. ड्रमला आतून दाबणारा लायनर ज्या मागच्या पत्र्यावर सरकतो त्यावर काही उंच ठिपके असतात. ते घासून त्यांवर ग्रीसचा पातळ थर द्या. मागून येणारी ‘कुईकुई’ बहुधा तिथलीच असते. लायनर ऑइलनं भिजला असेल तर धुऊन, जाळून वापरायचा प्रयत्न करू नका. तो दोन्ही चाकांचा बदला आणि गळती कुठून आहे ते शोधून घ्या. ड्रम काढलेला असताना कुणीही ब्रेक दाबू नये, नाहीतर छोटे पिस्टन बाहेर येतात.

पावसाळ्यात गाडी चार-पाच दिवस उभी राहणार असेल तर हँडब्रेक लावून ठेवू नका. लायनर गंजानं ड्रमला चिकटतात आणि पहिल्यांदा हलवताना ‘टक्’ करून सुटतात, कधी सुटतच नाहीत. गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकांना ठोकळे लावा.

वाजणाऱ्या चकतीवर तेल, डिझेल किंवा गंज सोडवणारा फवारा मारायचा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नका. आवाज लगेच थांबतो, हे खरं आहे. पकडच गेलेली असते, म्हणून थांबतो. ज्या अस्तरात तेल मुरलं त्याला पुन्हा पकड येत नाही. तापलेल्या चकतीवर थंड पाणी ओतणंही तितकंच वाईट. घाट उतरून आल्या आल्या गाडी धुवायला लावू नका, चकती वाकते आणि मग पेडल पायाखाली थरथरू लागतं.

सगळं जोडून झालं, बोल्ट गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या जोरानं आवळले, नट समोरासमोरचे आलटून-पालटून आवळले, गाडी खाली उतरवली. आता इंजिन सुरू करायच्या आधी ब्रेकचं पेडल पुन्हा पुन्हा दाबा, ते कडक होईपर्यंत. पिस्टन मागं ढकललेला असतो, त्यामुळे पहिल्या दाबाला पेडल थेट तळाला जातं. हे न करता गाडी दारातून बाहेर काढली तर ती समोरच्या भिंतीवरच थांबते. मग डब्यातल्या ऑइलची पातळी बघा.

नवे किंवा घासलेले पॅड चकतीवर बसायला थोडा वेळ लागतो. भल्या सकाळी, रहदारी नसताना, मोकळ्या रस्त्यावर गाडी ५० पर्यंत न्या आणि मध्यम दाबानं १० पर्यंत आणा, पूर्ण थांबवू नका. मध्ये थोडं अंतर चालवून ब्रेक थंड होऊ द्या. असं आठ-दहा वेळा करा. पॅडमधल्या द्रव्याचा एक सारखा पातळ थर चकतीवर चढतो आणि पुढची पकड या थरावर अवलंबून असते. पहिले दोन-तीनशे किलोमीटर घाटात जाणं टाळा. या काळात बारीक आवाज आला तर तो हळूहळू विरतो.

आणि ब्रेक ऑइल. ते वाजत नाही, म्हणून त्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ३ प्रतीचं ताजं ऑइल २०५ अंशांखाली उकळत नाही, पण ओलावा मुरलेलं १४० अंशांनाही उकळू शकतं. उकळलं की नळीत वाफ होते आणि पेडल पोकळ लागतं, तेही नेमकं घाटात. मुरगूडसारख्या चार महिने दमट असणाऱ्या ठिकाणी ते दर दोन वर्षांनी बदलून घ्या आणि एअर काढून घ्या. हे काम पहिल्यांदा मेस्त्रींसमोर उभं राहून बघा, मग घरी करा. काम संपल्यावर पेडल मऊ लागलं, सावकाश खाली गेलं किंवा दुसऱ्या दाबाला वर येत असेल, तर त्या दिवशी गाडी दारातून हलवू नका.